रस्त्यात गेलेला वरचा मजला

४ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की तोंड उघडायचं नाही, वही उघडायची. म्हणून ही वही. साहेबांच्या टेबलावर मी मोजपट्टी आपटली, त्यानंतर रक्तदाब माझा वाढला आणि बदलीही माझीच झाली. ती इथे, जगाच्या टोकाला. रस्ता खालून वर येतोय, शेवटचं गाव जोडायचं राहिलंय, आणि ते बर्फ पडायच्या आत जोडायचंय. साहेबांनी निरोप देताना "शुद्ध हवा आहे तिथे" असं सांगितलं. स्वतः मात्र आले नाहीत शुद्ध हवा खायला.

राहायला जागा मिळाली ती गावाच्या तोंडाशी असलेल्या एका म्हातारीच्या घरात. सगळं गाव त्यांना आत्या म्हणतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे रिकामा गोठा. खोलीचा अर्धा भाग मला. मला पाहून म्हणाल्या, "बाई आहेस होय? मला वाटलं इंजिनियर येणार आहे." मी म्हटलं, इंजिनियरच आहे. त्यावर "बरं, चहा करता येतो का?" म्हणाल्या. मी वही उघडली.

९ सप्टेंबर

आज शेवटच्या वळणाची आखणी. रस्ता इथे कोपरासारखा दुमडतो आणि मग एक छोटा चढ चढून गावात शिरतो. वळणाच्या आतल्या अंगाला खडक, बाहेरच्या अंगाला आत्यांचं स्वयंपाकघर. स्वयंपाकघर पाडायचं आणि खात्याने ते घराच्या दुसऱ्या बाजूला पक्कं बांधून द्यायचं, हे मी येण्याआधीच ठरलंय. आत्यांनी सहीसुद्धा केली आहे. मी लाल टोकाच्या खुंट्या ठोकून घेतल्या. मुकादम याच गावचा. कामाला वाघ, पण प्रश्न विचारला की आधी खोकतो.

संध्याकाळी आत्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन येतो. ती खाली दरीतल्या बाजारगावात राहते. दोघींचे गुडघे गेलेले, मधे दिवसभराची पायवाट, त्यामुळे कित्येक वर्षांत भेट नाही. दोघींना ऐकूही कमी येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवून वर पुन्हा ओरडायचं. आज आत्या सांगत होत्या, "वरच्या मजल्यावर काय सुंदर ऊन येतं गं, दुपारची तिथेच बसते." मी वर पाहिलं. वर पत्रा, पत्र्याखाली फळी, फळीवर कांदे. वय झालं की माणसं माळ्यालाही मजला म्हणत असतील. मी पांघरूण ओढलं.

१४ सप्टेंबर

खुंट्या गायब. मुकादम म्हणतो, शेळ्यांनी खाल्ल्या. मी म्हटलं, ओळीने? पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न सांडता? तो खोकला. पुन्हा ठोकल्या.

१७ सप्टेंबर

पुन्हा गायब. आज चुलीत डोकावले तर अर्धवट जळलेलं लाल टोक. विचारलं तर आत्या म्हणाल्या, "सरपण संपलंय गं, हाताला लागलं ते घातलं." मला मेलीला गहिवरूनच आलं. एकटी म्हातारी, लाकडं कोण आणून देणार? मुकादमाला सांगून ट्रॅक्टरभर लाकडं दारात टाकून घेतली. आत्यांनी लाकडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "फारच हुशार आहेस हो तू." नोकरीत इतकी वर्षं घासली, एका वरिष्ठाच्या तोंडून हे वाक्य निघालं नाही. बरं वाटलं.

२६ सप्टेंबर

आत्या पाणी आणायला गेल्या होत्या, फोन वाजत राहिला, शेवटी मी घेतला. पलीकडून बहीण: "कोण, सूनबाई का?"

मी म्हटलं, "नाही हो मावशी, मी रस्त्याची."

"हो हो, तुझ्या नोकरीचं सांगितलंय तिने. दिवसभर उन्हात असतेस म्हणे. बरं झालं बाई, त्याचं एकदाचं लग्न झालं. मला घोर लागला होता."

मी पुन्हा सांगून पाहिलं. तिने पुन्हा मला आशीर्वाद दिले. ठार बहिरी आहे बिचारी. शेवटी हो हो म्हणून फोन ठेवला. आत्यांना सांगितलं तर त्यांनी हातातली घागर इतक्या जोरात टेकवली की अर्धं पाणी माझ्या बुटांत.

३ ऑक्टोबर

आत्यांना एक मुलगा आहे. आज फोनवर त्याचीच कीर्तनं चालली होती. बढती मिळाली म्हणे. हाताखाली माणसं आली, पण स्वभाव तसाच साधा, भोपळ्याची भाजी अजून ताटात बाजूला काढतो. बहीण तिकडून कौतुक करतेय, ह्या इकडून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बढती मिळाली आणि आईच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली? मी आल्यापासून एक फोन नाही, एक फेरी नाही. घरात त्याचा फोटोसुद्धा नाही, म्हणजे देऊन जाण्याचंही सुचलं नाही ह्या थोर माणसाला. मुकादमाला विचारलं, काय करतो हा दिवटा? तर त्याला खोकल्याची अशी उबळ आली की पाणी द्यावं लागलं. गावात कुणालाही विचारलं की बर्फ यंदा कधी पडेल ते सांगायला लागतात. लाज वाटत असणार सगळ्यांना त्याची. भेटला की सोलून काढणार आहे त्याला.

८ ऑक्टोबर

आज स्वयंपाकघर पाडायचं होतं. डोझर दाराशी आला, तर आत्या उंबऱ्यात बसून बटाटे सोलताहेत. उठा म्हटलं. "बटाटे झाले की उठते." बटाटे झाले. मग कांदे काढले. मग लसूण काढला आणि एकेक पाकळी अशी सोलायला घेतली की तेवढ्यात मी निवृत्त झाले असते.

"आत्या, सही केली आहे तुम्ही."

"तेव्हा मला वाटलं होतं, रस्ता काही होत नाही."

"आता होतोय."

"तेच तर," म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. लसणाने कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, एवढं मलाही कळतं. मी डोझर मागे घ्यायला सांगितलं. मुकादम माझ्याकडे असा पाहायला लागला, जणू माझंच डोकं फिरलंय.

१० ऑक्टोबर

तोडगा निघाला. खात्याकडे डोंगरातल्या गावांसाठी आखूड बस आहे. तिचा हिशेब धरला तर स्वयंपाकघराला हात न लावता वळण बसतं. खडक थोडा तासला, झालं. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. आत्यांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. कृतज्ञता व्यक्त करायची काहींना सवयच नसते.

४ नोव्हेंबर

नाक कापलं गेलं माझं. आज बसची चाचणी. वाहतूक खात्याचे निरीक्षक आले, सोबत बस आली. लांब. आखूड बस म्हणे दुरुस्तीला गेली आहे आणि परत येण्याची शक्यता साहेबांच्या सुधारण्याइतकीच आहे. शेवटच्या वळणावर बसचं नाक खडकाला आणि ढुंगण स्वयंपाकघराला. ना पुढे, ना मागे. चालकाने चार वेळा चाक फिरवून पाहिलं, पाचव्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

निरीक्षक म्हणाले, "एका दमात वळत नसेल तर मंजुरी नाही. बस खालच्या गावापर्यंत. पुढे चालत या." पुढे चालत म्हणजे तीच सगळ्यांचे गुडघे खाणारी चढण. मग रस्ता केला कशाला आम्ही? शेळ्यांना फिरायला? बर्फ पडायच्या आत मंजुरी नाही मिळाली तर गाडी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खालीच, आणि एकदा खाली थांबली की ती कायमची तिथेच थांबते, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

सगळं गाव सुतक लागल्यासारखं उभं. एकट्या आत्या मजेत. निरीक्षकांना दोनदा चहा दिला, दुसऱ्यांदा वेलची घालून. मला आजवर वेलचीचा वाससुद्धा दाखवलेला नाही. पाहुणचार म्हणावा तो हा.

५ नोव्हेंबर

नवऱ्याला फोन केला आणि तासभर तोंडसुख घेतलं. तो शांतपणे ऐकत होता, बहुधा टीव्ही बघत. शेवटी म्हणाला, "सरळ वळत नाही, तर उलटी ने." मी म्हटलं, तू तुझी गाडी लावतोस ते वेगळं, ही बस आहे. फोन आपटला.

मग उठून बसले. वळण सोडून सरळ पुढे, राडारोडा टाकून टाकून आम्हीच एक सपाट जागा तयार केली आहे. बसने वळायचंच नाही. सरळ तिथे नाक घालायचं, आणि वरचा छोटा चढ उलटा चढायचा. गावात शाळेपुढे तिला फिरवायला जागा आहे. उतरतानाही तेवढा तुकडा उलटाच. नवऱ्याला हे सांगणार नाही, उगाच शेफारेल.

९ नोव्हेंबर

जागा दाबून पक्की केली, कठडा घातला, निरीक्षकांना पुन्हा ओढून आणलं. बस आली, सरळ गेली, थांबली, आणि पार्श्वभाग पुढे करून गावात शिरली. सगळं गाव तिला दिशा दाखवत होतं, प्रत्येकजण वेगळी. निरीक्षकांनी नियमांचं पुस्तक उलटसुलट चाळलं. बसने गावात तोंड पुढे करूनच यावं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मंजूर. रविवारी पहिली फेरी.

मुकादम चक्क नाचला. आत्यांनी निरीक्षकांना चहा दिला तो बिनसाखरेचा.

संध्याकाळी बहिणीचा फोन. आवाज तर फोनशिवायही पोचला असता. "अगं, बस येते म्हणे दारापर्यंत? मी येतेय रविवारी. पहिल्याच गाडीने." आत्या फोन हातात धरून दाराकडे बघत राहिल्या. बहीण हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी मी म्हटलं, "या मावशी, वाट बघतो." आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं घर विकलंय.

११ नोव्हेंबर

कालपासून आत्या जेवल्या नाहीत. आज मी ताट पुढे सरकवलं आणि म्हटलं, खा, नाहीतर मीही खात नाही, आणि उपाशी असले की मी कशी वागते ते तुम्ही बघितलेलं नाही. तेव्हा म्हणाल्या, "रविवारी घरी थांब. ते चिखलाचे बूट घालू नकोस."

"का?"

"ती तुला बघायला येतेय. तू माझी सून आहेस असं सांगितलंय मी तिला."

मी घास तसाच धरून बसले. मग एकेक बाहेर पडलं. वरचा मजला आहे असं सांगितलंय. मागे फळांची बाग आहे. गोठ्यात दुभती गाय आहे.

"म्हणजे खुंट्या?"

"जाळल्या."

"आणि लसूण?"

"रस्ता झाला की ती येणार. दुसरं काय करणार होते मी?"

आधी मला हसू आलं, मग संताप, मग पुन्हा हसू. ह्या बाईपायी मी आखूड बस काढली, भर गावात तोंडावर पडले, आणि वर ट्रॅक्टरभर लाकडं दिली. म्हटलं, खरं सांगून टाका ना बहिणीला. तर म्हणाल्या, "इतक्या वर्षांचं? एका चहात?"

मी म्हटलं, "ते राहू दे. तुमच्या चिरंजीवांना फोन लावा. मावशी येतेय तर एक दिवस येऊन जा म्हणावं. मीच बोलते."

"त्याचा फोन लागत नाही," म्हणाल्या आणि भांडी घासायला उठल्या. भांडी घासलेलीच होती.

मी नाटकात काम करणार नाही, असं सांगून टाकलंय. माझी तत्त्वं आहेत.

१३ नोव्हेंबर, रविवार

बूट काढून ठेवले.

बस उलटी आली, त्यामुळे मागच्या बाकावर बसलेली मावशी सगळ्यांच्या आधी गावात पोचली. मुकादमाने आमच्या घरापुढेच हाताला धरून उतरवलं. दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रडारड होणार. धाकटी म्हणाली, "वाळलीस." थोरली म्हणाली, "तू नाही." झाली भेट.

मग मावशी घरापुढे उभी राहिली आणि वर बघायला लागली.

"वरचा मजला कुठे गं?"

आत्या म्हणाल्या, "रस्त्यात गेला."

"मजला?"

"मजला, बाग, सगळं. रस्त्यात गेलं."

"आणि गाय?"

"सुरुंगांना घाबरून पळाली." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनेच घेतलं सगळं. सरकारी काम म्हणे. घरच्यांची भीड ठेवत नाही."

अख्ख्या नोकरीत मी कुणाचा खोटा आळ अंगावर घेतलेला नाही. आज म्हटलं, "नाइलाज होता, मावशी. आई होत्या म्हणून समजून घेतलं." आई हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि आत्यांच्या हातातलं झाकण खाली पडलं.

आत चहा केला, मीच. मावशी बसली, आत्या बसल्या, आणि मग अवघडल्यासारखं झालं. फोनवर घसा फोडणाऱ्या दोघी, एकमेकींकडे बघेनात. मावशी कोपऱ्यातल्या रिकाम्या पाटाकडे बघत होती. आत्या त्या पाटाकडे बघायचं टाळत होत्या. दोघींच्या चहावर साय धरली. मला सहन होईना. आणि खरं सांगायचं तर त्या नालायकाचा राग माझ्या मनात महिनाभर साठलेला होता.

"त्याच्याबद्दल विचारूच नका, मावशी," मी म्हटलं. "मावशी येणार म्हणून सांगितलं, तर सुटी नाही म्हणे. बढती झाली ना साहेबांची. आईच्या चष्म्याची काडी तुटली तरी पत्ता नाही. भेटू दे, बघतेच त्याच्याकडे."

दोघी एकदम माझ्यावर तुटून पडल्या. "असं बोलू नये गं," मावशी म्हणाली, "कामाचा भार असतो त्याच्यावर." आत्या म्हणाल्या, "लहानपणापासून कष्टाळू आहे तो." मावशी म्हणाली, "आणि अबोल. जीव आहे त्याचा आईवर, दाखवता येत नाही." मी म्हटलं, भोपळा तरी खायला काय होतं? तर त्यावरूनही मलाच बोलणी बसली, आवडत नाही पोराला तर करतेस कशाला म्हणून. मग जे सुरू झाल्या दोघी, ते बसची वेळ होईपर्यंत थांबल्या नाहीत. मी मधे मधे त्याला शिव्या घालत होते, आणि त्या मला गप्प करत होत्या.

मावशीला शाळेपाशी सोडायला मी गेले. आत्यांचे गुडघे तिथवर येत नाहीत. वाटेत म्हटलं, "मनावर घेऊ नका मावशी, मी जरा फटकळ आहे. पण त्याने यायला हवं होतं."

मावशी थांबली. "कसा येईल? जन्मला तेव्हा मीच होते तिच्याजवळ. सकाळपर्यंतही टिकला नाही. मीच गुंडाळून नेला."

ती पुन्हा चालू लागली.

"पुढच्या वर्षी इथल्या एका माणसाबरोबर तिचा निरोप आला, त्याला दात यायला लागलेत. काय करणार होते मी? उलट निरोप पाठवला, ताप तर नाही ना आला. मग शाळेत गेला, मग नोकरीला लागला. सगळं नीट झालं बघ त्याचं. लग्न तेवढं राहिलं होतं, ते यंदा झालं."

"म्हणजे आत्यांना माहीत आहे, की तुम्हाला..."

"न माहीत असायला काय झालं? पण समोरासमोर बसून कसं बोलणार? फोनवर तो असतो. मी घरात आले की नसेल, ह्याचीच भीती होती तिला. मलाही होती. गाडीत बसल्यापासून हात गार पडले होते माझे." तिने माझा हात धरला तेव्हा ते गारच होते. "तू त्याला शिव्या घालायला लागलीस आणि आमचा जीव भांड्यात पडला. नसलेल्या माणसावर कोण एवढं चिडेल?"

बसमध्ये चढताना म्हणाली, "मजल्याचं मात्र मला खरंच वाटलं होतं हं."

बस उलटी उतरत गेली. त्यामुळे मावशीला पुढच्या काचेतून घर दिसत राहिलं, आणि ती हात हलवत राहिली. आत्या दारात उभ्या होत्या. मी परत आले तर विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, सून फटकळ आहे."

"खोटं नाही सांगितलं," आत्या म्हणाल्या आणि मला चहा दिला. वेलची घालून. मी गोठ्यात जाऊन रडून घेतलं.

२१ नोव्हेंबर

पहिलं बर्फ. काम संपलं, हुकूम आला, परवा निघायचं. चष्म्याची काडी मुकादमाकडून तारेने पक्की बसवून घेतली. आत्या म्हणाल्या, जातेस तर जा, नोकरी आहे. मावशीला माझा नंबर त्यांनी आधीच देऊन टाकला होता.

१८ जानेवारी

घरी. आज नवऱ्याने स्वयंपाक केला होता, नेमका भोपळा. जेवायला बसलो तोच मावशीचा फोन. मी फोन कानापासून लांब धरला.

"सूनबाई, तिचा फोन लागत नाहीये, बर्फाने तारा गेल्या असतील. म्हटलं तुलाच विचारावं. कसा आहे गं तो?"

नवरा भात वाढत होता. मी म्हटलं, "बरा आहे, मावशी. आत्ताच जेवून कामावर गेला."

"थंडी फार आहे. अंगात काही घातलंय का त्याने?"

"दारातून परत बोलावून घालायला लावलं."

"अस्संच हवं," ती म्हणाली. "आणि जेवला नीट?"

"कसला नीट? भोपळा काढून ठेवला ताटात."

मावशी खूप वेळ हसत होती. फोन ठेवला तर नवरा भोपळ्याचा घास हातात धरून माझ्याकडे बघत होता. कोण जेवून गेलं, म्हणून विचारलं त्याने. मी म्हटलं, सांगते, तू आधी जेव.